पाटीवरची बाई

गोरेगावात आमच्या सोसायटीचा पुनर्विकास होऊन आता तिथे बावीस मजली टॉवर उभा आहे. तळमजल्यावर एक सभागृह काढलंय. त्याला गोरेगावच्या समाजवादी पुढारी मृणालताई गोरे यांचं नाव द्यायचं ठरलं, इथवर सगळे राजी होते. मग कुणीतरी सुचवलं, की नावाखाली बारीक अक्षरात ‘पाणीवाली बाई’ हे लोकांनी त्यांना दिलेलं नावही लिहावं. तिथे माशी शिंकली. पाणीवाली बाई म्हणजे काय, पाणी भरायला येणारी बाई? नवीन राहायला आलेल्यांना काय वाटेल? त्यांची मुलं विचारतील, ही कोणाकडे कामाला होती?

माझा चुलतभाऊ कमिटीवर आहे. त्याने आमच्या घरच्या ग्रुपवर वर आणखी एक फोडणी दिली: ‘तसं बघायला गेलं तर नळ आणून दिले म्हणून कुणी मोठा पुढारी होत नाही. नगरसेवकाचं ते कामच असतं.’ खाली चार अंगठे. त्यातला एक माझ्या भाच्याचा, ज्याने आयुष्यात कधी कळशी उचललेली नाही.

इथे ग्लासगोत तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. मी जेवण तसंच ठेवून उत्तर लिहायला बसले आणि अकरा वाजेपर्यंत लिहीत होते. पाठवलं नाही. पाठवलं असतं तर दादा म्हणाला असता, ‘तुला तिकडे बसून बोलायला काय जातं?’ तर तेच आता इथे लिहिते, जरा सभ्य करून.

नळ म्हणे. बाईंनी डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडलं आणि केशव गोऱ्यांबरोबर गोरेगावात चळवळीचा संसार मांडला. 1958 मध्ये नवरा गेला तेव्हा त्या तिशीच्या होत्या, पदरात लहान मुलगी. 1961 मध्ये महापालिकेत निवडून आल्या, 1972 मध्ये विधानसभेत, 1977 मध्ये लोकसभेत. पुढे राज्यात विरोधी पक्षनेत्या झाल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध विधेयक घेऊन त्या 1986 मध्ये विधानसभेत उभ्या राहिल्या आणि 1988 मध्ये महाराष्ट्राने तसा कायदा केला, देशात सगळ्यांच्या आधी. नागरी निवारा परिषदेने गोरेगाव पूर्वेला सहा हजारांवर घरं उभी केली, ती बिल्डरच्या जाहिरातीतली नव्हेत, कारकून आणि शिक्षक यांना परवडतील अशी. आता यात नळ कुठे बसतो ते दादाने सांगावं.

आणि नळच धरायचा म्हटला तरी मला काही कमीपणा वाटत नाही. मी 1967 ची. आमच्या चाळीत पाणी पहाटे तीनला यायचं आणि साडेतीनला जायचं. हंडे आदल्या रात्रीपासून रांगेत. माणसं झोपलेली, हंडे जागे. त्या अर्ध्या तासासाठी पालिकेच्या दारात रिकामे हंडे घेऊन बसायचं राजकारण ज्या बाईने केलं, तिला दिल्लीला पाठवताना लोकांनी जी घोषणा दिली ती आमच्या घरात आजही कुणी तरी म्हणतं: ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में.’ त्याच निवडणुकीत इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या. म्हणजे ‘पाणीवाली बाई’ हे कुठल्या कंत्राटदाराने चिकटवलेलं नाव नव्हे. ती पदवी आहे, आणि ती द्यायला कुलगुरू लागला नाही.

बरं, ‘बाई’ शब्दाची एवढी शिसारी कधीपासून आली? आमच्या मराठी शाळेत बाई म्हणजे शिकवणारी. ‘बाई, पाणी प्यायला जाऊ?’ असं विचारून आम्ही मोठे झालो. दुर्गाबाई भागवत 1975 मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. आणीबाणी चालू, व्यासपीठावर बडे पुढारी, आणि बाईंनी जे बोलायचं ते बोलून दाखवलं. पुढे तुरुंगातही जाऊन आल्या. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जलसे केले, बाईमाणसाने लोकांसमोर बसून गायचं म्हणजे काय हे अजून ठरायचं होतं तेव्हा. केसरबाई केरकर मूळच्या गोव्यातल्या केरीच्या. त्यांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, ती आता ताऱ्यांच्या मधल्या अवकाशात आहे. तिथे कुणी त्यांना कामवाली समजलं तर समजो. आमच्या टॉवरमध्ये मात्र ‘बाई’ म्हटलं की लोकांना फक्त भांडी घासणारी दिसते, आणि भांडी घासणारी दिसली की लाज वाटते. (साहित्य संमेलनांचा विषय निघालाच आहे तर: 2025 च्या दिल्लीच्या संमेलनापर्यंत अठ्ठ्याण्णव संमेलनं झाली, त्यात बायका अध्यक्ष झाल्या सहा. पण तो दुसराच ठणका.)

आता इकडचं सांगते. दादाला आवडणार नाही, पण त्याला माझं इकडचं काहीच आवडत नाही.

मला कधीकधी कामासाठी गोव्हनला, ग्लासगोच्याच एका भागात, जावं लागतं. सबवेतून वर आलं की समोर मेरी बार्बर चालत येताना दिसते. ब्रॉन्झची, पण चालणारी. मागे माणसं, मुलं, एक अख्खा मोर्चा. बाई मूळची गालिचे विणणाऱ्यांतली, लग्न करून गोव्हनमध्ये आलेली. 1915 मध्ये पुरुष युद्धावर, गोद्यांत काम करायला बाहेरून आलेल्या कामगारांची रीघ, घरं तेवढीच. घरमालकांनी भाडी चढवली. त्यांना वाटलं, बायकाच तर आहेत घरात. बार्बरबाईंनी त्या बायकांनाच भाडं द्यायचं थांबवायला लावलं. घर खाली करायला कोर्टाचा माणूस आला की क्लोजमध्ये, म्हणजे इमारतीच्या सामाईक जिन्याच्या बोळात, बसलेली बाई घंटा वाजवायची, सगळ्या जिन्यांवरून बायका खाली यायच्या आणि त्या माणसावर पिठाच्या पुड्या फेकायच्या. नोव्हेंबरपर्यंत वीस हजारांवर घरांनी भाडं थांबवलं होतं. डिसेंबरात लंडनच्या पार्लमेंटला कायदा करून भाडी युद्धाच्या आधीच्या पातळीवर बांधून द्यावी लागली. आणि लोक त्या बायकांना काय म्हणायचे? ‘मिसेस बार्बरची फौज.’ फौज! 1920 मध्ये बार्बरबाई नगरसेवक झाल्या. म्हणजे दादाच्या हिशेबाने, कामच होतं ते त्यांचं.

पीठ वाचलं आणि मला लाटणं आठवलं. 1972 च्या दुष्काळात मुंबईत महागाईविरोधी महिला समिती निघाली. मृणालताई समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर मार्क्सवादी, आणखी कुठल्या कुठल्या पक्षांच्या बायका एकत्र. एरवी हे पक्ष एकमेकांच्या लग्नाला गेले नसते. हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. ठरल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजायच्या. गोव्हनमध्ये पीठ, मुंबईत लाटणं. मधे सत्तावन्न वर्षं आणि सात समुद्र, पण पोळपाट एकच. आणि मग मी मनातल्या मनात दादाला म्हटलं: बघ, इथल्या लोकांनी त्यांच्या पीठ फेकणाऱ्या बाईला चौकात उभं केलंय आणि तुम्हाला एका पाटीवर दोन शब्द जड झालेत.

हे वाक्य मला इतकं आवडलं, की मी ते आईला फोनवर ऐकवलं. आई चौऱ्याऐंशीची आहे. आधी तिने विचारलं, ‘तो पुतळा कधी बसवला?’

2018 मध्ये, म्हटलं. जागतिक महिला दिनाला.

‘आणि बाई वारली कधी?’

1958 मध्ये.

‘म्हणजे साठ वर्षं त्यांनाही आठवण झाली नाही,’ आई म्हणाली. ‘आपल्याकडे मृणालताईंच्या नावाचा पूल आहे की. त्यांना जाऊन इतकी वर्षं कुठे झाली?’

पुतळ्यासाठी इथल्या लोकांना वर्गणी गोळा करावी लागली, हे मी आईला सांगितलं नाही. जॉर्ज स्क्वेअरमध्ये इतकी वर्षं इतके पुतळे उभे होते, त्यात बाई एकच आणि तीही राणी व्हिक्टोरिया, हेही नाही. याच राणीने 1859 मध्ये लॉख कॅटरीन या तळ्याचं पाणी ग्लासगोला सोडलं. शहराला आजही तेच पाणी येतं, चोवीस तास, पैसे पालिकेच्या काउन्सिल टॅक्सच्या बिलातच. म्हणजे इथली पाणीवाली बाई साक्षात राणी, तिला हंडा घेऊन कुठे बसावं लागलं नाही. तुलना करताना मी हे सगळं सोयीने गाळते. परदेशात एकतीस वर्षं काढल्यावर माणूस एवढं तरी शिकतोच.

मग मी आईला लाटणं मोर्च्याचं विचारलं. हा माझा हुकमाचा पत्ता. माझी आई त्या मोर्च्यात होती, हे मी इथे किमान तीन पार्ट्यांत सांगितलंय, एकदा तर डोळ्यांत पाणी आणून. आई म्हणाली, ‘अगं, एकदाच गेले. शेजारच्या सगळ्या निघाल्या, मी एकटी घरात काय करणार होते? आणि चांगलं शिसवीचं लाटणं गर्दीत हरवलं. तुझ्या बाबांनी आल्या आल्या काय विचारलं असेल? पोळ्या कधी? मग बाटलीने लाटल्या.’

माझ्या पार्टीतल्या गोष्टीत बाटली नव्हती.

आणि आता ते काम. गोव्हनला मी कामासाठी जाते म्हटलं, ते काम म्हणजे आमचा तिथला फ्लॅट. एका बेडरूमचा, टेनमेंटमधला, दुसऱ्या मजल्यावर. 2009 मध्ये भाव पडले होते तेव्हा घेतला आणि तेव्हापासून भाड्याने दिलाय. सध्या एक मुलगी राहते, एकटी, लहान मूल आहे. सप्टेंबर 2022 मध्ये स्कॉटिश सरकारने भाडी गोठवली, पुढे वर्षभर तीन टक्क्यांची मर्यादा घातली. महागाई दहा टक्क्यांवर, आमच्या कर्जाचा हप्ता चढलेला. मी चवताळले होते. आमच्या भागाच्या संसद सदस्याला लांबलचक ईमेल लिहिली. त्यात ‘लहान घरमालकांवर अन्याय’ असे शब्द होते. मर्यादा उठली त्या महिन्यात लेटिंग एजंटला कळवून टाकलं, वाढवता येईल तेवढं वाढवा.

त्या मुलीने घंटा वाजवली नाही. भाडं वाढवून दिलं.

हे मी दादाला लिहिलेल्या त्या पाच तासांच्या उत्तरात अर्थातच नव्हतं. त्यात मी मिसेस बार्बरच्या फौजेत होते, पुढच्या रांगेत, हातात पिठाची पुडी. इथे असले की मला वाटतं मी मृणालताईंच्या गोरेगावची. गोरेगावात गेले की तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांना सांगू लागते, आमच्याकडे असं नसतं. आमच्याकडे म्हणजे नक्की कुठे, हे आईने एकदा विचारलं होतं. मी विषय बदलला. मतदान मी इथे करते. तिकडे माझं मत 2006 मध्ये गेलं, पासपोर्ट बदलला त्या दिवशी. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर सोसायटीच्या पाटीबद्दल बोलायचा अधिकार लिहिलेला नाही. आणि खरं बोलायचं तर जोवर मी तिथे राहत होते, तोवर मला ही मृणालताईंची मंडळी कळकट वाटायची. खादीच्या पिशव्या, सतत कसली तरी सही मागणारे लोक. केशव गोरे स्मारकावरून रोज कॉलेजला जायचे, सत्तावीस वर्षांत आत पाऊल टाकलं नाही. मेरी बार्बरच्या पुतळ्यासमोर मात्र फोटो काढून घेतलाय.

तरीही दादाचं म्हणणं चूकच आहे. मी घरमालकीण आहे म्हणून ‘पाणीवाली बाई’ हे अपमानाचं नाव ठरत नाही. उलट कामवाली बाई म्हणून लाज वाटते त्याच लोकांना ती पाटी हवी, रोज लिफ्टला जाताना वाचायला. शिवाय या टॉवरमध्ये पाणी कुठून येतं? पालिकेचं पुरत नाही म्हणून रोज सकाळी दोन टँकर येतात. पाणीवाला भैया चालतो, पाणीवाली बाई चालत नाही.

शेवटी हे एवढं टँकरचं वाक्य मी ग्रुपवर टाकलं. दादाचं उत्तर लगेच आलं: ‘एवढं वाटतं तर मीटिंगला ये. रविवारी सकाळी अकरा.’ खाली पुन्हा चार अंगठे. भाच्याचा पहिला.

रविवारी अकरा म्हणजे इथे पहाटेचे साडेसहा. उठीन, पण सभासद मी नाही, आई आहे. तिला फोन केला आणि काय काय बोलायचं ते सांगायला लागले: 1961, 1972, विरोधी पक्षनेत्या, सहा हजार घरं. लिहून घे म्हटलं. ती थोडा वेळ ऐकत होती.

‘वॉकर घेऊन खाली जाणारच आहे मी,’ ती म्हणाली. ‘पण पाटीचं काय ते तुम्ही पोरं बघा. मला टँकरचं बिल विचारायचंय. चार महिन्यांत दुप्पट कसं झालं?’