बारा हजारांचा मोबाईल आणि आपले हप्ते

आज सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. पोस्ट मोठी आहे.

माझ्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींनी हप्त्यावर मोबाईल घेतला. बारा हजारांचा, लेकीसाठी. ती यंदा बारावीला आहे. मावशींनी कौतुकाने आमच्या मजल्यावरच्या एका ताईंना दाखवला. "छान आहे हो," म्हणाल्या त्या. मावशी खाली गेल्या आणि ह्या मला म्हणतात, "ह्यांच्या हातात पैसा टिकतच नाही बघ. म्हणून तर जन्मभर कर्जात."

मला जे बोलायचं ते मी तिथेच बोलले. पण राग उतरला नाही.

अहो, टिकायला आधी हातात यावा लागतो ना? मावशींचा नवरा इथे नाशिकच्या अंबडला, कारखान्यात कंत्राटी कामावर. कंपनीत काम कमी झालं की पहिल्यांदा त्यालाच घरी बसवतात. मावशींचा सगळा हिशोब मला पाठ आहे, कारण पोळ्या लाटता लाटता त्यांच्या डोक्यात तोच चालू असतो. घरभाडं, गॅस, क्लासची फी, भिशी, बचत गट. भाजी बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारातून, तीही अंधार पडता पडता, भाव उतरल्यावर. तेलाची पिशवी संपली की कोपरा कापून बरणीवर उलटी ठेवतात, रात्रभर. ह्या बाईला आपण शिस्त शिकवणार?

आणि आपलं काय? पगार वाढला की आधी गाडी बदलते. १२ लाखांचं गाडीचं कर्ज ९ टक्क्यांनी ७ वर्षं फेडलं तर नुसतं व्याजच ४ लाखांच्या वर जातं. त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही, उलट पेढे मागतात. इंदिरानगरचा टू बीएचके लहान वाटायला लागतो, मग गंगापूर रोडला बुकिंग. कुंभमेळा येतोय, भाव वाढणार, म्हणून कुठेतरी प्लॉट. सगळं कर्जावर. पण पगाराची स्लिप आहे, त्यामुळे बँक आपल्याला स्वतःहून फोन करते. मावशींकडे स्लिप नाही, म्हणून त्यांना तेच पैसे महाग पडतात.

गेल्या वर्षी त्यांच्या नवऱ्याचा हात मशीनमध्ये सापडला. ठेकेदाराने हात वर केले. मावशींनी मंगळसूत्र गहाण टाकलं, ते पुरेना, म्हणून एका सावकाराकडून तीन रुपये शेकड्याने घेतले. महिन्याला तीन टक्के, वर्षाचे छत्तीस. ऐकून आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी सावकाराला शिव्या घातल्या. घालायलाच हव्यात. पण क्रेडिट कार्डाचं बिल थकवलं तर बरीच कार्डं महिन्याला साडेतीन टक्के लावतात. वर्षाचे बेचाळीस! आणि आपल्यातली शिकलेली माणसं फक्त किमान रक्कम भरून उरलेलं पुढे ढकलतात, गोव्याच्या ट्रिपचं. मावशींनी सावकाराचा पैसा न् पैसा फेडला. त्या काळात घरात दूध बंद होतं, चहा कोराच.

हो, लग्नांत ऐपतीबाहेर खर्च होतो, दारूपायी घरं बसतात, मान्य. आपल्या लग्नांच्या लॉनचं भाडं विचारा मग.

माझे मामा निफाडकडचे, द्राक्षवाले. त्यांचा पैसा वर्षातून एकदा येतो. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोड्या बहाराची छाटणी, दोन्हीचा खर्च आधी आणि माल नंतर. औषधांच्या दुकानात उधारी असतेच. ऐन काढणीत पाऊस आला की ती उधारी पुढच्या वर्षावर. ह्यात उधळपट्टी कुठे आली? दर महिन्याला ठरल्या तारखेला पैसा येणाऱ्यांना हे कळतच नाही.

२०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने मायक्रोफायनान्ससाठी, म्हणजे गरीब घरांना मिळणाऱ्या छोट्या बिनतारण कर्जांसाठी, नियम केला. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपुढे जाता कामा नयेत. चांगला नियम आहे. आता तीच मोजपट्टी आपल्या घरांना लावा. घर, गाडी, कार्ड, मुलांची फी भरायला काढलेलं पर्सनल लोन, सगळं धरा. किती घरं पास होतील? मला निदान तीन माहीत आहेत जी होणार नाहीत, आणि त्यांतल्या दोघांच्या हॉलमध्ये भिंतभर टीव्ही आहे.

आता जरा शांत झालेय. त्या ताईही वाईट नाहीत, आजारपणात डबा घेऊन पहिल्यांदा त्याच येतात. आणि त्या तीन घरांतही सुख नाही हो. नोकरी गेली तर काय, ह्या धास्तीने रात्र रात्र झोप नाही, आणि बोलायचीही सोय नाही, कारण बाहेरून सगळं झकास दिसतं. मावशी निदान बचत गटात बायकांसमोर मोकळेपणाने रडू शकतात.

पण मोबाईलवरून त्या माऊलीला बोल लावायचा नाही. लेकीचे क्लासवाले नोट्स मोबाईलवर पाठवतात, तिने काय शेजारणीचा मोबाईल मागत फिरायचं?

येत्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. मी विषय मांडणार आहे: सगळ्या घरांनी कामवाल्या मावशींचा पगार एक तारखेलाच द्यायचा, दहा-बारा तारखेपर्यंत झुलवायचं नाही. आजारपणाच्या सुट्टीचे पैसे कापायचे नाहीत. दिवाळीला एक पगार जादा. ज्यांना पटत असेल त्यांनी मीटिंगला या, नुसते लाईक नकोत.