डोळे नेमके कुणी मिटले होते?

‘मिशनरी आफ्रिकेत आले तेव्हा त्यांच्याकडे बायबल होतं आणि आमच्याकडे जमीन. ते म्हणाले, डोळे मिटा, प्रार्थना करू. डोळे उघडले तेव्हा बायबल आमच्या हातात होतं आणि जमीन त्यांच्या ताब्यात.’

हे वाक्य कधी केन्याचे पहिले अध्यक्ष जोमो केन्याटा यांच्या, तर कधी दक्षिण आफ्रिकेच्या डेस्मंड टुटूंच्या नावावर फिरतं. हल्ली मराठीत फिरणाऱ्या मजकुरात त्याच्या खाली निष्कर्षांची शेपटीही असते: ख्रिस्ती धर्म हा आफ्रिकेत गोऱ्यांनी लादलेला धर्म, लोकांनी तो भुकेपोटी घेतला, स्वर्गाच्या आशेवर ते अन्याय गिळत बसले, रवांडात त्या श्रद्धेची लाज निघाली, आणि इतकं सोसूनही देव काही आला नाही. टुटू हा किस्सा भाषणांत रंगवून सांगत, हे खरं. पण सांगणारा माणूस आर्चबिशप होता आणि शेवटपर्यंत ख्रिस्तीच राहिला, हे पुढे पाठवणाऱ्यांच्या ध्यानात येत नसावं.

विनोदात तथ्य आहे, त्याबद्दल पुढे बोलतोच. माझी तक्रार शेपटीबद्दल आहे. कुणी ‘डोळे मिटा’ म्हटलं की मिटणारी, भाकरी दाखवली की देव बदलणारी माणसं म्हणजे आफ्रिकन, असं ती गृहीत धरते. वसाहतवाल्यांचंही त्यांच्याबद्दल हेच मत होतं.

‘हा गोऱ्यांचा धर्म’

हा मुद्दा लवकर निकालात निघतो. आजच्या इथिओपियातल्या अक्सुमचा राजा एझाना चौथ्या शतकात ख्रिस्ती झाला आणि त्याच्या नाण्यांवर क्रूस आला. इंग्लंडमधल्या अँग्लो-सॅक्सन राजांनी बाप्तिस्मा घ्यायला त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षं लागली. त्याआधी, इ.स. २०३ मध्ये, कार्थेजच्या आखाड्यात पर्पेट्युआ ही तरुण आई आणि फेलिसिटी ही गुलाम स्त्री श्रद्धेसाठी मारल्या गेल्या. युरोपचं धर्मशास्त्र ज्याच्या खांद्यावर उभं राहिलं तो ऑगस्टीन आजच्या अल्जेरियातला. १८९६ मध्ये अडवाच्या रणांगणावर इटलीच्या फौजेचा धुव्वा उडवणारं इथिओपियाचं सैन्यही ख्रिस्तीच होतं आणि त्यांच्यासोबत सेंट जॉर्जचा ताबोत, म्हणजे चर्चच्या गाभाऱ्यातली पवित्र पाटी, होती. तिथे प्रार्थनाही झाली आणि जमीनही राहिली.

‘बायबल दिलं, जमीन घेतली’

इथे आधी कबुली द्यायला हवी. १८८८ मध्ये ब्रिटिश खाणसम्राट सेसिल ऱ्होड्सच्या माणसांनी आजच्या झिम्बाब्वेतल्या एनडेबेले लोकांचा राजा लोबेंगुला याच्याकडून खाणींचे हक्क लिहून घेतले, तेव्हा दुभाषा चार्ल्स हेल्म हा मिशनरी होता. दहापेक्षा जास्त गोरे येणार नाहीत, असं तोंडी वचन होतं. कागदावर ते नव्हतं. त्या कागदाच्या बळावर पुढे अख्खा मुलूख गेला. म्हणजे विनोद हवेतून आलेला नाही. फक्त लोबेंगुला ख्रिस्ती नव्हता. तो डोळे उघडे ठेवून बसला होता आणि त्याला गंडवलं ते करारपत्रानं.

दक्षिण आफ्रिकेत १९१३ च्या कायद्यानं काळ्यांना देशातल्या जेमतेम ७ टक्के जमिनीपुरतं मर्यादित केलं. त्याविरुद्ध उठलं कोण? पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून नावारूपाला आलेल्या संघटनेचे पहिले अध्यक्ष जॉन लांगालिबालेले डुबे, आणि ते दीक्षित पाळक होते. १९१४ मध्ये या कायद्याविरुद्ध दाद मागायला जे शिष्टमंडळ लंडनला गेलं, त्यात डुबेंबरोबर वॉल्टर रुबुसाना हे दुसरे पाळक होते आणि मिशनच्या शाळेत शिकलेले सोल प्लाटयेही. लंडननं त्यांना वाटाण्याच्या अक्षता लावल्या, ती गोष्ट वेगळी. मुद्दा असा की जमीन गेली हे सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यानं सांगणाऱ्यांच्या हातात बायबल होतं.

मलावीत, तेव्हाच्या न्यासालँडमध्ये, जॉन चिलेम्ब्वे हा बॅप्टिस्ट पाळक. गोऱ्यांच्या मळ्यांवर खंडापोटी राबवून घेण्याची ‘थांगाटा’ नावाची पद्धत होती. ती वेठबिगारीच. त्यात पहिलं महायुद्ध आलं आणि गोऱ्यांच्या भांडणात काळ्यांचे जीव जाऊ लागले. चिलेम्ब्वेनं आधी निषेधाचं पत्र लिहिलं, आणि जानेवारी १९१५ मध्ये उठाव केला. काही दिवसांत तो मारला गेला. आज त्याचं चित्र मलावीच्या नोटांवर आहे. बेल्जियन काँगोतल्या सिमोन किंबांगूनं तर शस्त्रही उचललं नव्हतं. १९२१ मध्ये त्यानं एन्काम्बा गावी प्रवचनं आणि आजाऱ्यांसाठी प्रार्थना सुरू केल्या. लोक मळे सोडून त्याच्याकडे लोटले, आणि पाच-सहा महिन्यांत त्याला फाशीची शिक्षा झाली. ती जन्मठेपेत बदलली गेली आणि तो ३० वर्षांनी, १९५१ मध्ये, तुरुंगातच वारला. डोळे मिटून बसलेल्या माणसाला कुठलं सरकार इतकं घाबरतं?

या प्रकरणाचा एक धागा थेट नाशिकला येतो. आज ज्या शरणपूर रोडवर ट्रॅफिकला शिव्या घालत आपण उभे असतो, त्या शरणपुरात एकोणिसाव्या शतकात मिशननं आफ्रिकन मुलांचा आश्रम चालवला होता. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली ही मुलं मुंबईमार्गे तिथे यायची आणि सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकायची. आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी-शोधक लिव्हिंगस्टन याचं शव इंग्लंडपर्यंत पोचवणारा जेकब वेनराइट यांच्यातलाच. पुढे यातले कित्येक जण आजच्या केन्यातल्या मोंबासाजवळच्या वसाहतीत परतले. त्यांच्यातला विल्यम जोन्स रबाईच्या मिशनवर होता. किनाऱ्यावरच्या मालकांकडून पळालेले गुलाम तिथे येऊन राहायचे. मालक चवताळले, ब्रिटिश अधिकाऱ्यांनाही ही डोकेदुखी नको होती. तरी माणसं येत राहिली आणि राहत राहिली. १८८८ मध्ये अखेर मालकांना मोबदला मोजून अशा १४०० च्या आसपास माणसांची सुटका करावी लागली. स्वतः गुलामीतून सुटलेला, नाशिकला शिकलेला आफ्रिकन पाळक त्या मिशनवर होता, हे ‘मिशनरी म्हणजे गोरा’ असं धरून चालणाऱ्या मजकुरात बसतच नाही.

‘पोटासाठी धर्म बदलला’

काही ठिकाणी, काही जणांनी बदललाही असेल. शाळा आणि दवाखाना मिळतो म्हणून चर्चच्या दारात गेलेले लोक आपल्याकडेही होते. पण मोठं चित्र याच्या उलट आहे. सहाराच्या दक्षिणेला १९१० मध्ये ख्रिस्ती लोक ९ टक्क्यांच्या आसपास होते. २०१० मध्ये ते ६३ टक्के झाले होते. यातली फार मोठी भर गोरे राज्यकर्ते बोटीत बसून गेल्यानंतरची आहे.

दक्षिण सुदानचं उदाहरण बघा. खार्टूमच्या सरकारनं १९६४ मध्ये दक्षिणेतल्या सगळ्या परदेशी मिशनऱ्यांना हाकलून दिलं. चर्च आपोआप विझेल, असा हिशेब होता. १९८३ मध्ये उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पुन्हा पेटलं, गावं जळाली, गुरं लुटली गेली. डिंका लोकांचं आयुष्य गुरांभोवती फिरतं; गुरं गेली म्हणजे लग्न, मान, पूर्वजांशी असलेलं नातं, सगळंच गेलं. आणि नेमक्या त्याच काळात बोर भागातले डिंका लाखांच्या संख्येनं ख्रिस्ती झाले. त्यांना सांगायला गेलेले लोक त्यांच्यातलेच होते. नवी गीतं डिंका भाषेत रचली गेली, बरीचशी बायकांनी आणि तरुण पोरांनी, आणि त्यांत स्वर्गातल्या सोन्याच्या रस्त्यांपेक्षा ‘आमची ही दशा तू बघतोस ना?’ असा जाब जास्त आहे. निर्वासितांच्या छावण्यांत धान्य मिळायचं ते रेशनकार्डावर, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर नव्हे.

‘स्वर्गाच्या आशेवर अन्याय गिळला’

धर्म ही अफू आहे, हे मार्क्सचं अर्धंच वाक्य लोकांना पाठ असतं. त्याच परिच्छेदात तो धर्माला गांजलेल्या जिवाचा सुस्काराही म्हणतो. पण ते सोडा. अफूचे विक्रेते आफ्रिकेत आहेत, हे मान्यच. ‘दान टाका, मर्सिडीज मिळेल’ असं सांगणारे पास्टर लागोस ते नैरोबी गल्लोगल्ली आहेत. २०२३ मध्ये केन्यात शाकाहोलाच्या जंगलात एका पंथाच्या म्होरक्याच्या नादी लागून, उपाशी राहिलात तर येशू भेटेल या भ्रमात माणसं मेली. ४०० हून अधिक मृतदेह उकरून काढावे लागले. यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही.

पण आशा म्हणजे एवढंच असेल, तर मलावीत १९९२ मध्ये जे झालं ते कसं समजून घ्यायचं? हेस्टिंग्ज बांडा १९६४ पासून सत्तेवर, १९७१ पासून तहहयात अध्यक्ष. वर स्वतः चर्च ऑफ स्कॉटलंडचे एल्डर, म्हणजे मंडळीतले पदाधिकारी. एकच पक्ष, वर्तमानपत्रांना वेसण, चौकशीविना तुरुंग. कुणी ब्र काढत नव्हतं. ८ मार्च १९९२ रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, देशातल्या सगळ्या कॅथलिक चर्चमध्ये बिशपांचं एक पत्र वाचून दाखवण्यात आलं. गरीब-श्रीमंतांतली दरी, कोंदटलेल्या शाळा, औषधांविना दवाखाने, बोलायची चोरी, हे सगळं त्यात साध्या शब्दांत होतं. सरकारनं पत्र बाळगणं राजद्रोह ठरवलं आणि बिशपांना पोलिसांपुढे उभं केलं. मग विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर आले, प्रेस्बिटेरियनांनीही आवाज उठवला. जून १९९३ मध्ये सार्वमत झालं आणि मे १९९४ च्या निवडणुकीत बांडा हरले. तीस वर्षांच्या सत्तेला पहिला तडा रविवारच्या उपासनेत गेला.

लायबेरियातल्या यादवी युद्धाची गोष्ट याहून कडू आहे. मन्रोव्हियातल्या सेंट पीटर्स ल्युथरन चर्चमध्ये जुलै १९९० मध्ये आसऱ्याला आलेली सहाशेच्या आसपास माणसं सैनिकांनी कापली. २००३ मध्ये त्याच चर्चशी जोडलेल्या लेमा ग्बोवी यांनी बायकांची शांतता मोहीम उभी केली. ख्रिस्ती आणि मुस्लिम बायका एकत्र, पांढऱ्या कपड्यांत, अध्यक्ष चार्ल्स टेलरचा ताफा जायचा त्या रस्त्याकडेच्या मासळीबाजाराच्या मैदानात रोज बसू लागल्या. उन्हात बसल्या, पावसातही बसल्या. घानात वाटाघाटी रेंगाळल्या तेव्हा त्यांनी अक्राच्या सभागृहाच्या दारातच ठिय्या दिला आणि पुढाऱ्यांची वाट अडवली. ऑगस्टमध्ये टेलर पायउतार झाला आणि करारावर सह्या झाल्या. अफू घेतलेल्या बायका सभागृहाची दारं अडवत नाहीत.

युगांडाचे आर्चबिशप जनानी लुवुम यांनी हुकूमशहा इदी अमीनच्या कत्तलींविरुद्ध लेखी निषेध नोंदवला आणि फेब्रुवारी १९७७ मध्ये ते मारले गेले. मोटार अपघात झाला, असं सरकारनं सांगितलं. कुणालाही ते पटलं नाही.

‘रवांडा’

हा मुद्दा खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणारा ख्रिस्ती माणूस प्रामाणिक नाही. १९९४ मध्ये रवांडातले बहुसंख्य लोक ख्रिस्ती होते. शंभर दिवसांत हुतू कट्टरपंथीयांकडून आठ लाखांच्या घरात माणसं, मुख्यतः तुत्सी, मारली गेली, त्यातली हजारो चर्चमध्ये. न्तारामा, न्यामाता ही नावं आज स्मारकांची आहेत. न्यांगे इथे आत लोक असताना चर्चच बुलडोझरनं पाडलं गेलं आणि त्याबद्दल तिथल्या धर्मगुरूला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं जन्मठेप दिली. राजधानी किगालीचे आर्चबिशप कित्येक वर्षं सत्ताधारी पक्षाच्या केंद्रीय समितीवर बसत होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये क्षमा मागितली. फार उशिरा मागितली, असं मला वाटतं.

पण यातून निघतं काय? मलावीत चर्च सत्तेच्या समोर उभं राहिलं, रवांडात ते सत्तेच्या मांडीवर बसलं होतं. किगालीतली ती खुर्ची आणि मलावीतलं ते पत्र एकाच मापानं मोजता येत नाहीत. आणि रवांडातही सगळे सारखे नव्हते. गिसेन्यीत फेलिसिते नियितेगेका ही हुतू स्त्री चर्चच्या केंद्रात तुत्सींना लपवत होती, सरहद्द पार करायला मदत करत होती. तिचा भाऊ सैन्यात कर्नल. ‘तू निघून ये’ असा त्याचा निरोप आला. ज्यांना आसरा दिलाय त्यांना टाकून येणार नाही, त्यांच्यासोबत मरेन, असं तिनं लिहून कळवलं. तसंच झालं. रवांडाच्या राष्ट्रीय वीरांच्या यादीत आज तिचं नाव आहे. न्यांगेचा धर्मगुरू पुरावा म्हणून चालतो, तर फेलिसितेही चालायला हवी.

‘देव कुठे होता?’

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. ‘देवाची योजना असते’ असं मातम असलेल्या घरात जाऊन सांगणाऱ्यांची मला चीड येते. पण हा प्रश्न नास्तिकांनी शोधून काढलेला नाही. ‘कोठवर?’ असं देवाला खडसावणारी स्तोत्रं बायबलमध्येच आहेत, आणि वधस्तंभावरच्या माणसाच्या तोंडी ‘तू माझा त्याग का केलास?’ हेच आहे.

राहिलं ‘प्रार्थना करून काय मिळालं’ हे शेवटचं वाक्य. पूर्व काँगोतल्या बुकावूमध्ये एका पेंटेकोस्टल पाळकाचा मुलगा वडिलांबरोबर आजाऱ्यांच्या घरी जायचा. वडील प्रार्थना करायचे, औषध देऊ शकत नव्हते. तेव्हाच त्यानं ठरवलं की बाबा ज्यांच्यासाठी प्रार्थना करतात त्यांच्यावर आपण उपचार करायचे. तो डेनिस मुक्वेगे. १९९९ मध्ये त्यांनी पांझी हॉस्पिटल सुरू केलं. युद्धात बलात्कार सोसलेल्या बायकांची शस्त्रक्रिया तिथे होते, शिवाय वकील आणि समुपदेशक मिळतात, पुन्हा उभं राहायला मदतही मिळते. २०१२ मध्ये त्यांच्यावर जीवघेणा हल्ला झाला आणि त्यांनी देश सोडला. किवू सरोवरातल्या इज्वी बेटावरच्या बायकांनी अननस आणि कांदे विकून त्यांच्या परतीच्या तिकिटासाठी पैसे जमवले, आणि जानेवारी २०१३ मध्ये ते परतले. २०१८ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. मुक्वेगे स्वतःही पाळक आहेत. पांझीत आजवर पन्नास हजारांहून अधिक अत्याचारित स्त्रियांवर उपचार झाले आहेत, आणि ते हॉस्पिटल काँगोतल्या पेंटेकोस्टल मंडळ्यांच्या संघाचं आहे.