एका मिनिटाचे श्वास

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा पुन्हा वाद पेटला. जव्हारकडची आमची मावसबहीण आशा कार्यकर्ती आहे. मोबदला दोन महिने थकलाय, असं तिनं लिहिलं, तर दादानं सुनावलं, "तुम्ही स्वयंसेविका, मग पगार कसला मागता?" कागदोपत्री दादा बरोबर आहे. 2005 साली योजना आली तेव्हापासून आशा 'मानद'च आहे. म्हणून तर 2024 च्या सुरुवातीला राज्यभरातल्या आशाताई आझाद मैदानात ठाण मांडून बसल्या होत्या.

मी सहा वर्षं मलावीत, लिलाँग्वेला राहते. महाराष्ट्रापेक्षा कितीतरी गरीब देश. तरी इथं खेड्यात तिच्यासारखंच काम करणारा माणूस, ज्याला सगळे 'एचएसए' म्हणतात, सरकारी पगारावर असतो. 2008 पासून दुर्गम गावांत तो पाच वर्षांखालच्या मुलांना न्यूमोनिया, मलेरिया, जुलाबावर औषधही देतो.

इथल्याच डेड्झा जिल्ह्यात एकदा मी अशा एका एचएसएच्या शेजारी बसले होते. आईच्या मांडीवर दीड वर्षाचं पोर, अंगात ताप. त्यानं झबलं वर केलं, टायमर लावला आणि मिनिटभर नुसता पोटाकडे बघत राहिला. आईही श्वास रोखून बसलेली. बावन्न श्वास! या वयाला मिनिटाला चाळीस झाले की न्यूमोनिया धरायचा. त्यानं पेटी उघडली. न्यूमोनियावरच्या अमॉक्सिसिलिनची दोनच पाकिटं उरली होती.

ती पेटी बरीचशी परक्यांच्या पैशानं भरते. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेनं मदत गोठवली, जुलैपर्यंत यूएसएड या तिच्या मदतसंस्थेचं कामच बंद झालं. माणूस गावात आहे, पण उद्या पेटीत काय येईल हे त्याच्या हातात नाही. हे मला भयंकर वाटतं.

आपली अडचण ही नाही. आपली बरीचशी औषधं आपल्याच पैशाची. शिवाय खेड्यातली बाई काय करू शकते, हे जगाला दाखवलं आपल्याच गडचिरोलीनं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांत बायांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटवले; 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. आणि आज दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा फेऱ्या मारल्या की आशाताईला मिळतात 250 रुपये. सहाही फेऱ्यांचे मिळून.

दादा, दिवाळीत मी येतेय. आपण दोघं एक दिवस तिच्याबरोबर पाड्यावर जाऊ. एखाद्या बाळाचे श्वास मिनिटभर तू मोजून बघ.