२०७० राहू द्या, २०३५चा हिशेब कुणाकडे मागायचा?

नोव्हेंबर २०२१मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत पंतप्रधान मोदींनी जाहीर केलं की भारत २०७०पर्यंत नेट झिरो होईल. म्हणजे जेवढे हरितगृह वायू देश हवेत सोडेल, तेवढेच शोषूनही घेईल. तेव्हापासून मराठीत या विषयावर जे वाचते, ऐकते, त्यात दोन सूर सतत भेटतात. पहिला असा, की दोनशे वर्षं धूर ज्यांनी ओकला त्यांनी आधी निस्तरावं. आमचं दरडोई उत्सर्जन त्यांच्यापेक्षा कितीतरी कमी आहे. दुसरा असा, की ब्रिटनला २०५० जमतं तर आपल्याला का नाही, २०७० म्हणजे जबाबदारी नातवंडांवर ढकलणं.

मी इंग्लंडमध्ये, नॉटिंगहॅमजवळ राहते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, पण दोन्ही सालावर अडून बसली आहेत. ब्रिटनमध्ये जे काही साधलं त्यात सालाचा वाटा सगळ्यात कमी होता, असं माझं मत झालं आहे.

इथला क्लायमेट चेंज अ‍ॅक्ट २००८चा. त्यात आधी ८० टक्के कपातीचं लक्ष्य होतं, २०१९मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांच्या सरकारने ते नेट झिरोवर नेलं. पण कायद्याचा कणा वेगळाच आहे. दर पाच वर्षांसाठी देशाने एकूण किती उत्सर्जन करायचं याची मर्यादा, म्हणजे कार्बन बजेट, संसद बरीच वर्षं आधी मंजूर करते. सरकारबाहेरच्या तज्ज्ञांची समिती दरवर्षी संसदेला अहवाल देते: इथे मागे पडलात, या खात्याकडे योजनाच नाही, वगैरे. त्याला सरकारला उत्तर द्यावंच लागतं. एवढ्यावर थांबत नाही. जुलै २०२२मध्ये इथल्या उच्च न्यायालयाने सरकारची नेट झिरो योजना बेकायदा ठरवली, कारण कपात नेमकी कशातून होणार याचा पुरेसा तपशील त्यात नव्हता. सुधारलेली योजना आली, तीही मे २०२४मध्ये न्यायालयात टिकली नाही. हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचंच सरकार होतं आणि ज्या संसदेत त्याचं बहुमत होतं, तिच्याच कायद्यापुढे त्याला मान तुकवावी लागली.

भारतात असा कायदा नाही. माळढोक पक्ष्याच्या अधिवासातल्या वीजतारांवरून चाललेल्या खटल्यात २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेतून वाचून दाखवला, आणि या विषयावर एकछत्री कायदा नसल्याचंही नोंदवलं. माझ्या मते गेल्या काही वर्षांतली या विषयावरची सगळ्यात महत्त्वाची नोंद ती. आपल्याकडच्या चर्चेत तिचा उल्लेख क्वचितच येतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता कोळसा. नॉटिंगहॅमहून दक्षिणेकडे निघालं की रॅटक्लिफ-ऑन-सोअर केंद्राचे आठ अवाढव्य कूलिंग टॉवर दिसतात. ३० सप्टेंबर २०२४ला हे केंद्र बंद झालं आणि ब्रिटनमधली कोळशावरची वीज संपली. तिची सुरुवात १८८२मध्ये लंडनमध्ये झाली होती. २०१२पर्यंतसुद्धा देशाची जवळपास ४० टक्के वीज कोळशाची होती. बारा वर्षांत ४० टक्क्यांवरून शून्य! हा आकडा भारतात मोठ्या कौतुकाने सांगितला जातो आणि त्याच्याआधारे आपल्याला बोलही लावले जातात. म्हणून तो कसा साधला हे सांगायला हवं. २०१३पासून वीजनिर्मितीतल्या कार्बनवर किमान किंमत लावली, त्यामुळे कोळसा परवडेना. समुद्रातल्या पवनचक्क्यांना विजेचा दर बऱ्याच वर्षांसाठी बांधून दिला, म्हणून कंपन्यांनी पैसा घातला. आणि हाताशी नैसर्गिक वायू होता, १९९०च्या दशकापासूनच वायूवरची केंद्रं उभी राहत होती. शिवाय बंद झालेली कोळसा केंद्रं म्हातारी होती. रॅटक्लिफ १९६०च्या दशकातलं. आपली कितीतरी केंद्रं २०१०नंतर उभी राहिली आहेत, त्यांची कर्जं फिटायची आहेत, आपल्याकडे तेवढा स्वस्त वायू नाही आणि मागणी अजून वाढतेच आहे. मे २०२४मध्ये भारताची कमाल वीजमागणी २५० गिगावॅटवर गेली. उभारलेल्या एकूण वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा, वायू, तेल सोडून इतर स्रोतांचा वाटा २०२५मध्ये निम्म्यावर पोहोचला ही मोठी गोष्ट आहे, पण प्रत्यक्ष वीज अजून बहुतांश कोळशाचीच आहे. ब्रिटनचा वेग भारताला लावणं अन्यायाचं आहे, हे मी इथल्या मित्रांनाही सांगते.

पहिल्या सुराच्या बाजूने याहून मोठा पुरावा पोलादात आहे. ज्या दिवशी रॅटक्लिफ थंडावलं त्याच दिवशी वेल्समधल्या पोर्ट टॅलबटची शेवटची ब्लास्ट फर्नेस, म्हणजे कोळशाच्या आधारे खनिजापासून लोखंड बनवणारी भट्टी, टाटा स्टीलने बंद केली. तिच्या जागी भंगार वितळवणारी इलेक्ट्रिक आर्क फर्नेस येणार, त्यासाठी ब्रिटिश सरकारने ५० कोटी पौंड देऊ केले. हजारो नोकऱ्या गेल्या. त्याच महिन्यात त्याच कंपनीने ओडिशातल्या कलिंगनगरला नवी प्रचंड ब्लास्ट फर्नेस सुरू केली. ब्रिटनच्या वहीत उत्सर्जन उतरलं, भारताच्या वहीत चढलं. देशाच्या हद्दीत निघालेला धूर तेवढा मोजायचा आणि आयात केलेल्या मालामागचा सोडून द्यायचा, या पद्धतीमुळे १९९०च्या तुलनेत उत्सर्जन निम्म्याहून खाली आणल्याचा ब्रिटनचा दावा आहे त्याहून देखणा दिसतो.

तरीही ‘आधी त्यांनी’ म्हणून थांबणं आपल्याला परवडणार नाही. युरोपीय संघाने आयात पोलाद, सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम यांतल्या कार्बनवर २०२६पासून शुल्क लागू केलं आहे, ब्रिटनचं २०२७पासून ठरलं आहे. आपण कार्बनची किंमत आपल्या देशात वसूल केली नाही, तर ती ब्रसेल्स आणि लंडनच्या तिजोरीत जाईल. भारताने २०२३मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली आहे: ठरल्यापेक्षा कमी उत्सर्जन करणाऱ्या उद्योगाने शिलकीची क्रेडिट इतरांना विकायची. ती किती कडक ठेवायची यावर मराठीत भांडण व्हायला हवं.

मला सगळ्यात जास्त काळजी माणसांची वाटते. या परगण्यात कोळशाच्या खाणी होत्या. १९८४-८५च्या संपानंतर त्या एकेक करत बंद झाल्या, आणि गावांचं पुढे काय, याचा विचार कुणी केला नाही. इथली खाणींची गावं आजही त्यातून पुरती उठलेली नाहीत. रॅटक्लिफच्या वेळी मात्र तारीख कितीतरी आधी ठाऊक होती, संघटनांशी बोलणं झालं, लोकांना दुसरं काम शिकायला वेळ मिळाला. मला दर वेळी चंद्रपूर आठवतं. महानिर्मितीचं २,९२० मेगावॅटचं केंद्र, भोवती वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी, ट्रकवाले, आणि कंत्राटी कामगार, ज्यांचं नाव कुठल्याच भरपाईच्या यादीत सहजी येणार नाही. तिथलं शेवटचं युनिट केव्हा बंद होईल ते आज ठरवायला नको. पण ते होईल तेव्हा या माणसांचं काय, याचा आराखडा वीस वर्षं आधी सुरू झाला तरी तो लवकर म्हणता येणार नाही.

ब्रिटन जिथे अडकलंय तेही पाहण्यासारखं आहे. इथली बहुतेक घरं वायूच्या बॉयलरवर तापतात. त्याऐवजी हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता घरात आणणारं विजेवरचं यंत्र, बसवायला इंग्लंड आणि वेल्समध्ये साडेसात हजार पौंड अनुदान मिळतं, तरी लोक हात आखडता घेतात. एक मोठं कारण दरांत आहे: हरित योजनांचा खर्च विजेच्या बिलावर जास्त पडतो आणि वायूवर कमी, त्यामुळे एक युनिट वीज एक युनिट वायूच्या साधारण चौपट महाग पडते. शिवाय हीट पंप कुणी मागितलेला नव्हता. याच्या अगदी उलट, महाराष्ट्रात शेतकरी वर्षानुवर्षं दिवसा वीज मागत होता. रात्री-अपरात्री पाणी द्यायला जाताना साप-विंचवाची भीती त्याला होती, आंदोलनं त्यासाठीच झाली. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीच्या फीडरला दिवसा सौरवीज द्यायची कल्पना आहे. जमीन, देखभाल, महावितरणची थकबाकी असे तिचे प्रश्न आहेतच. पण हवामानाचं धोरण लोकांच्या जुन्या गाऱ्हाण्याला जाऊन भिडलं, असं उदाहरण मला इथे सापडत नाही.

म्हणून २०५० की २०७० हा वाद मी बाजूला ठेवते. मला हवा आहे तो भारताचा कायदा: पाच-पाच वर्षांच्या मर्यादा, राज्यांचे वाटे, संसदेला जाहीर अहवाल देणारी स्वतंत्र समिती, आणि कोळसा जिल्ह्यांसाठी वेगळा निधी. मर्यादा विकासाला जागा ठेवणाऱ्या असोत, सुरुवातीला चढत्याही असोत. २०३५ला आपण कुठे असायला हवं होतं आणि कुठे आहोत, हे सामान्य माणसाला विचारता आलं पाहिजे.

कायदा केला म्हणजे तो अमर होतो असं नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये हुजूर पक्षाच्या नेत्या केमी बेडनॉक यांनी सत्तेत आल्यास हा कायदाच रद्द करण्याची घोषणा केली. मला ती धोक्याची वाटते. पण त्यासाठी त्यांना आधी निवडणूक जिंकावी लागेल, मग संसदेत विधेयक आणावं लागेल, प्रत्येक खासदाराला नावानिशी मत द्यावं लागेल. आपलं २०७०चं उद्दिष्ट संसदेच्या मतदानातून आलेलं नाही, आणि मागे पडलं तर त्यासाठीही मतदान लागणार नाही.