समुद्र आहे म्हणून बाग नको?

नगरपरिषदांचे अर्थसंकल्प जवळ आले की कोकणातल्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश हमखास फिरतो. त्याचा मथितार्थ असा: "आपल्याला एवढा समुद्र आहे, डोंगर आहेत. बागा मुंबई-पुण्याला हव्यात. कोरोनात बागा बंद होत्या, कुणाचं काही अडलं नाही. मुलं आता मोबाइलमध्ये असतात. ते पैसे दवाखान्याला द्या." वाचताना हे पटकन पटतं, आणि म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

पहिली गोष्ट समुद्राची. चिपळूण, खेड, कणकवली, सावंतवाडी या गावांना समुद्र नाही. जिथे आहे तिथेही तो वर्षभर आपला नसतो. 1 जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात. त्या दर्यावर नातवंडांना खेळायला कोण सोडेल? भरतीच्या वेळी चालायला वाळू किती उरते ते किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना विचारा. गुडघे दुखणाऱ्या आजीला मऊ वाळूत चार पावलं टाकणं जड जातं, चाकाची खुर्ची तर रुततेच. तिन्हीसांजेनंतर अंधार, म्हणजे घरातलं आवरून बाहेर पडणाऱ्या बाईला तो किनारा बंदच. डोंगर म्हणावेत तर बरेचसे कुणाच्या ना कुणाच्या मालकीचे, गडग्याआड, आंबा-काजूच्या कलमांचे.

"कोरोनात कुणाचं अडलं नाही" हे तर सरळ चुकीचं आहे. 3 जून 2020 पासून राज्याने निर्बंध सैल केले तेव्हा अगदी पहिल्या टप्प्यात काय मोकळं झालं? पहाटे 5 ते संध्याकाळी 7 या वेळात मैदानं, बागा आणि किनाऱ्यांवर चालणं, धावणं, सायकल चालवणं. व्यायामशाळा आणि नाट्यगृहं बंदच होती. त्याच दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगडात आदळलं. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं, जुलैत चिपळूण बुडालं. आपल्याकडच्या बागांनी टाळेबंदी सोसलीच, वर वादळं आणि पूरही सोसले. इथे डागडुजी म्हणजे नुसतं कुलूप काढणं नव्हे.

आता पैशाचं. जिल्हा रुग्णालय राज्य शासन चालवतं. नगरपरिषदेने माळी कमी केला म्हणून तिथे एक खाट वाढत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर 70,051 कोटी रुपये वेगळे सुचवले होते. आपल्यासारख्या लहान शहरांच्या अनुदानात 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती. उरलेल्या 40 टक्क्यांतून स्थानिक गरजा भागवता येत होत्या, पण पगार नाही. बागा आणि मैदानं तर राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतच नगरपरिषदांच्या विषयांत आहेत. शहरी सुविधांसाठीच्या केंद्राच्या 2015 च्या अमृत योजनेत बागांना वाटा होता, पण ती प्रामुख्याने लाखावर वस्तीच्या शहरांसाठी. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी शहराची लोकसंख्या सुमारे 76 हजार होती. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातलं एकही शहर लाखाला पोचत नव्हतं.

संदेश लिहिणाऱ्याचा एक राग मात्र माझाही आहे. कारंजं, कमान, रंगीत दिवे यांवर मोठा निधी येतो, उद्घाटन होतं, आणि दोन पावसाळ्यांत सगळं गंजतं. खाऱ्या हवेत साध्या लोखंडाचे झोपाळे टिकत नाहीत हे इथल्या कुठल्याही वेल्डरला ठाऊक आहे. हिरवळ लावतात आणि एप्रिल-मेमध्ये, गावात टँकर फिरत असताना, तिला पाणी मागतात. पण यावर उपाय बाग बंद करणं हा नाही. बकुळ, उंडी, सुरंगी, सोनचाफा लावा. जांभ्याचे कट्टे घाला. पावसात बसता येईल अशी एक पत्र्याची शेड उभारा. एक माळी आणि एक राखणदार कायम ठेवा. बांधकामाचा निधी वरून येतो, रोजची देखभाल मात्र गावाच्या स्वतःच्या उत्पन्नातूनच करावी लागते. घरपट्टीच्या बिलात वृक्षकराची ओळ असेल तर ते पैसे कुठे जातात हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. वेंगुर्ल्यासारख्या जेमतेम 12 हजार वस्तीच्या गावाने कचरा डेपोच्या जागेवर लोक बघायला येतील असं ठिकाण उभं केलं. तिथे नेटाने केलेलं कचऱ्याचं वर्गीकरण कामी आलं.

"परिस्थिती सुधारली की बघू" म्हणणारेही आहेत. जमीन तेवढं थांबत नाही. विकास आराखड्यात बागेसाठी राखलेली जागा 10 वर्षांत संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या 24 महिन्यांत नगरपरिषद हलली नाही तर आरक्षण रद्द होतं. तिथे इमारत उभी राहिली की बाग कायमची गेली.

मुलं मोबाइलमध्ये असतात, हे खरं. त्यांना दुसरीकडे बोलावलंय कुणी? जागतिक आरोग्य संघटना 5 वर्षांपुढच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटं अंगमेहनतीचा खेळ सांगते. मे महिन्याच्या सुट्टीतलं शिबिर, मल्लखांब, खो-खो, संध्याकाळचा वाचनाचा तास यांना मोठा खर्च नाही. वेळेवर येणारा आणि मानधन मिळणारा शिक्षक लागतो. पोहण्याचा वर्ग तर किनाऱ्यावरच्या गावात पहिला सुरू व्हायला हवा. समुद्राशेजारी वाढणाऱ्या कितीतरी मुलांना पोहता येत नाही, आणि हे आपण निमूट चालवून घेतो.

2021 च्या अखेरीस इथल्या बहुतेक नगरपरिषदांच्या मुदती संपल्या, आणि डिसेंबर 2025 च्या निवडणुकांपर्यंत प्रशासकांचा कारभार होता. त्या वर्षांत अर्थसंकल्पावर सभागृहात चर्चा करायला नगरसेवकच नव्हते. आता आहेत. आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाला तीन गोष्टी लेखी विचारा: उद्यान देखभालीच्या खात्यावर यंदा किती तरतूद आहे, त्यातली मागच्या वर्षी किती खर्च झाली, आणि आराखड्यातली बाग-मैदानाची कुठली आरक्षणं मुदतीच्या जवळ आली आहेत. उत्तराची प्रत त्याच व्हॉट्सॲप गटात टाका.