आमटी पातळ असेल तुमची

लीकप्रूफ डब्यातून आमटी गळली. कुठे गळली ते सविस्तर सांगत नाही. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडणाऱ्या कुठल्याही बाईला ते न सांगता कळेल, आणि माझ्या शेजारी पांढरा कुर्ता घालून बसलेल्या बाईला तर लगेचच कळलं.

संध्याकाळी भर पावसात डबा, झाकण, बिल असा सगळा पुरावा घेऊन मी दुकानात हजर. वाद घालायची तयारी ट्रेनमध्येच झाली होती. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा, सदोष माल परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा, बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवस, सगळं तोंडपाठ.

दुकानदाराने झाकण उजेडात धरलं, रिंगवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "आमटी पातळ असेल तुमची."

मी म्हटलं, "दादा, डब्यावर लीकप्रूफ लिहिलंय."

"ते कंपनी लिहिते."

"मग तुम्ही विकता कशाला?"

"लोक घेतात म्हणून. यात भाजी न्यायची असते मॅडम."

मी कायदा काढला. त्याने मान वर करून गल्ल्यामागच्या पाटीकडे बोट केलं: 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' मी म्हटलं, अशी पाटी कायद्यापुढे टिकत नाही. तो म्हणाला, "वीस वर्षं टिकली आहे."

इथे काकांचा प्रवेश झाला. खांद्याला शबनम, हातात मिटलेली छत्री आणि छत्रीचं पाणी माझ्या चपलेवर. संस्कृतचे निवृत्त शिक्षक असावेत, किंवा घरी त्यांचं कोणी ऐकत नसावं. "थांबा हो बाई," ते म्हणाले, "तुम्ही मुद्दाच चुकीचा मांडताय. तुमची प्रतिज्ञा काय?"

"पैसे परत हवेत."

"ती मागणी झाली. 'डबा गळतो' ही प्रतिज्ञा. आता हेतू सांगा."

"हेतू हाच, की पैसे परत..."

"अहो, हेतू म्हणजे कारण! गौतमांनी न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या ग्रंथात, युक्तिवादाचे पाच अवयव सांगून ठेवलेत. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण धूर दिसतोय, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघर, हे उदाहरण."

"इंडक्शनवर कुठे येतो धूर?" मागून एक बाई म्हणाल्या. त्यांच्या हातात पोळपाट होता आणि त्यांना घाई नव्हती.

काकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. माझी पिशवी उचलून त्यांनी दुकानभर दाखवली. "डबा गळतो. कशावरून? तर पिशवी ओली आहे."

"पाऊस पडतोय काका," दुकानदार म्हणाला. "माझी पायरीपण ओली आहे."

काकांचा चेहरा जो उजळला! "वा! वा शेठ! म्हणजे डबा न गळताही पिशवी ओली असू शकते. हेतू सव्यभिचार ठरला!" पोळपाटवाल्या बाईंनी नातवाला आपल्या मागे ओढलं. काका माझ्याकडे वळून, सांत्वनाला आल्यासारखे म्हणाले, "पडला तुमचा मुद्दा."

माझा? पिशवी मध्ये कोणी आणली होती? माझ्याकडे डबा होता, बिल होतं, ओढणीवर हळदीचा डाग होता. या माणसाने पावसाळ्यात साक्षीदार म्हणून पिशवी उभी केली आणि हरले मी!

शेवटी मी म्हटलं, यात पाणी भरा आणि उलटा करा. दुकानदाराने खरंच भरलं, उलटा केला. क्षणभर काही झालं नाही. मग कडेने एक थेंब आला, त्याच्यामागे दुसरा, मग काउंटरवर छान ओहोळ. मी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं.

"हे पाणी आहे," दुकानदार म्हणाला. "पाणी पातळच असतं."

काकांनी मान डोलावली. पोळपाटवाल्या बाईंनी विचारलं, "डाळ किती घालता?" आणि मी, ओल्या चपलेत उभी राहून, चक्क उत्तर दिलं: "वाटीभर." "चौघांना? मग पातळच होणार."

लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळावी असा कुठलाही कायदा नाही. तरी कोणीही येतं, "जरा सरका" म्हणतं आणि सगळ्या सरकतात. प्रतिज्ञा नाही, हेतू नाही, काही नाही. कायद्याने दिलेले तीस दिवस मात्र मागायला जावं, तर आपल्या स्वयंपाकाची चौकशी होते. दरवर्षी 24 डिसेंबरला ग्राहक दिन साजरा होतो, भाषणं होतात, 'जागो ग्राहक' म्हणतात. ग्राहक जागाच आहे हो, झोपलेल्याला कोण उठवणार? ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार ग्राहक आयोगाकडे न्यायला फीसुद्धा नाही, हे मला माहीत आहे. पण 480 रुपयांच्या डब्यासाठी रजा टाकायला ऑफिसात कोणतं कारण सांगू? आमटी?

"रिंग बदलून देतो," दुकानदार म्हणाला. "तीस रुपये." ऐकून ऐकून थकले होते. शिवाय घरी जाऊन त्याच वादग्रस्त डाळीचा कुकर लावायचा होता. पर्स उघडली.

तेवढ्यात काकांनी शबनममधून चहाची गाळणी काढून काउंटरवर ठेवली. जाळी एका बाजूने सुटली होती. काका काहीही बोलले नाहीत. दुकानदाराने ती टोपलीत टाकली, वरच्या फळीवरून नवी काढून दिली. बिल नाही, प्रश्न नाही, चहा पातळ आहे का ही चौकशी नाही.

"यांची कशी बदलून दिलीत?"

"काका रोजचे आहेत," तो म्हणाला. "सुट्टे द्या मॅडम."