१,८६,००० शब्द आणि माझा माज

परवा एकीने इनबॉक्समध्ये विचारलं, दादा, इंग्रजी कादंबरी झालीय, २ लाख १० हजार शब्द, एजंटला पाठवू का? (एजंट म्हणजे लेखकाचं पुस्तक प्रकाशकाला विकून देणारा मध्यस्थ.) मी म्हटलं नको. तिला राग आला. येणारच, मलाही आला होता.

माझी पहिली कादंबरी १,८६,००० शब्दांची होती आणि त्याचा मला अभिमान होता बरं का! क्वेरी लेटरमध्ये, म्हणजे एजंटला पुस्तकाची ओळख करून देणाऱ्या पत्रात, तो आकडा ऐटीत टाकला आणि एका आठवड्यात चाळीस एजंटना पाठवून मोकळा झालो. काहींचे ठरावीक दोन ओळींचे नकार आले, बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही, फुल मॅन्युस्क्रिप्ट, म्हणजे अख्खी कादंबरी, तर एकानेही वाचायला मागितली नाही. मग वर्षभर मी 'यांना साहित्यातलं काही कळत नाही' म्हणत फिरलो.

तर हिशोब असा आहे. मोठ्यांसाठीची पहिली कादंबरी साधारण ८०,००० ते १,००,००० शब्द. फँटसी, सायन्स फिक्शनमध्ये अख्खं जग उभं करायचं असतं म्हणून १,२०,००० पर्यंत चालवून घेतात, यंग अडल्टला, म्हणजे किशोरवयीनांसाठीच्या कादंबरीला, ५० ते ८० हजार. ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही, पण कागद, छपाई, एडिटरचा वेळ सगळं शब्दांबरोबर वाढतं, आणि ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही त्याचं जाडजूड महागडं पुस्तक उचलणार कोण? (आणि पानं सांगू नका, शब्द सांगा. फॉन्ट बदलला की पानांचा आकडा बदलतो, ही चलाखी त्यांना पाठ आहे.)

पण मला विचाराल तर खर्च हे अर्धंच कारण. तो आकडा बघून एजंटच्या मनात येतं की ह्या माणसाने स्वतःचं लिखाण एकदाही कापलेलं नाही. माझ्या बाबतीत ते शंभर टक्के खरं होतं. शेवटी कापायला बसलो तेव्हा दिसलं की पहिली तीन प्रकरणं नायक नुसता कुठेतरी पोचायच्या बेतात आहे, माणसं दार उघडतायत, आत येतायत, बसतायत, परत उठतायत, आणि नायिकेची आत्या आणि शेजारीण दोघी तिला तोच सल्ला देतायत, फक्त वेगवेगळ्या खोलीत. शेजारणीला उडवलं, तिचं कामाचं तेवढं आत्याच्या तोंडी घातलं, एका झटक्यात ११,००० शब्द गेले. असं करत करत १,०२,००० वर आलो. आधीचा ड्राफ्ट वाचलेल्या मैत्रिणीला पुन्हा वाचायला दिलं तर तिला शेजारीण गेलेली कळलीच नाही.

'दोन भाग कर की' असं सांगणारे भेटतील. नका ऐकू. मधोमध तोडलेल्या पुस्तकाच्या पहिल्या भागाला शेवटच नसतो, आणि एजंटला एक पुरं पुस्तक हवं असतं, पुढे मालिका होऊ शकते एवढं एका ओळीत सांगितलं की झालं. आणि 'अमक्याची पहिली कादंबरी हजार पानांची होती' हे तर सांगूच नका, ज्यांची तशी परत आली त्यांची नावं आपल्याला माहीतच नसतात.

खरा पश्चात्ताप त्या चाळीस मेलचा. एकदा नाही म्हटलेलं पुस्तक बहुतेक एजंट परत बघत नाहीत, भरपूर बदललं असेल तरच कुणीतरी बघतो, आणि काही एजन्सीत एकाचा नकार म्हणजे सगळ्यांचा नकार. म्हणजे चांगली माणसं मी कच्च्या ड्राफ्टवर घालवून बसलो. आता मी एका वेळी सहा-सात एजंटच्या वर पाठवत नाही, उत्तरं येऊ देतो, सगळीकडून नकार आले तर पत्र किंवा पहिली दहा पानं सुधारतो, मग पुढचे सहा. पत्र ३०० शब्दांच्या आसपास. आणि वाचायचे पैसे मागणारा भेटला तर तिथूनच नमस्कार करा, खरा एजंट पुस्तक विकल्यावर कमिशन घेतो, साधारण १५ टक्के, आधी काही नाही.

हे सगळं तिला लिहून पाठवलं. मेसेज वाचून दोन दिवस गप्प. काल रात्री मेसेज आला, 'बरं, कुठलं प्रकरण काढू?'

म्हटलं, पहिलं.

'न वाचताच??'

हो, न वाचताच.